रेस्क्यू डिस्क (मालवेअर तपासणी)

रेस्क्यू डिस्क म्हणजे संगणकाच्या हार्ड डिस्कवरील संचालन प्रणाली सुरू न करता, बाहेरून जोडलेल्या पेनड्राइव्ह, सीडी किंवा डीव्हीडीवरून संगणक सुरू करून त्यातील मालवेअर शोधण्याचे व काढण्याचे साधन होय. पूर्वी हे काम फ्लॉपी आणि सीडीवरून होत असे. आता ते बहुधा पेनड्राइव्हवरून होते, तरीही ‘डिस्क’ हे जुने नाव टिकून आहे. मालवेअर या संज्ञेत विषाणू, वर्म, ट्रोजन, रूटकिट, रॅन्समवेअर अशा सर्व अपायकारक आज्ञावलींचा समावेश होतो.

रेस्क्यू डिस्कमागील तत्त्व साधे आहे. ज्या प्रणालीत मालवेअर शिरले आहे, त्याच प्रणालीने स्वतःविषयी दिलेली माहिती विश्वासार्ह धरता येत नाही. म्हणून तपासणी करणारा कार्यक्रम त्या प्रणालीच्या बाहेरून आणावा लागतो.

तत्त्व आणि गरज

संगणक सुरू होताना प्रथम मदरबोर्डवरील बायोस अथवा यूईएफआय ही मूलभूत आज्ञावली चालते. ती बूट लोडरला शोधते, बूट लोडर संचालन प्रणालीचा गाभा स्मृतीत आणतो आणि त्यानंतर ड्रायव्हर, सेवा व इतर कार्यक्रम क्रमाने सुरू होतात. नेहमीचा अँटिव्हायरस या साखळीत बऱ्याच उशिरा येतो. त्याच्याआधी चालू झालेले मालवेअर त्याच्यापेक्षा वरचढ ठरू शकते.

एखाद्या फोल्डरमध्ये कोणत्या फायली आहेत, हे अँटिव्हायरस संचालन प्रणालीला विचारतो. रूटकिट प्रकारचे मालवेअर हा प्रश्न वाटेतच अडवते आणि उत्तरातून स्वतःचे नाव वगळते. काही प्रकार अँटिव्हायरस बंद पाडतात, तर काही त्याच्या संकेतस्थळापर्यंत पोहोचू देत नाहीत. नोव्हेंबर २००८ मध्ये आढळलेला कॉन्फिकर हा वर्म सुरक्षाविषयक संकेतस्थळांचा मार्ग रोखत असे आणि त्याचे काही प्रकार पेनड्राइव्हमधूनही पसरत असत. २०१० मध्ये पसरलेले टीडीएल-४ हे रूटकिट हार्ड डिस्कच्या मास्टर बूट रेकॉर्डमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, ठाण मांडत असे.

संगणक पेनड्राइव्हवरून सुरू केला की हार्ड डिस्कवरील कोणतीही आज्ञावली चालत नाही. मालवेअर तेथे असते, परंतु निद्रिस्त फाईलच्या स्वरूपात. त्याला लपता येत नाही आणि प्रतिकारही करता येत नाही. एरवी ‘वापरात आहे’ म्हणून पुसता न येणाऱ्या फायलीही या स्थितीत हाताळता येतात.

इतिहास

बाहेरून तपासणी करण्याची गरज बूट सेक्टर विषाणूंबरोबरच निर्माण झाली. १९८६ मध्ये लाहोर येथील बासित व अमजद फारूक अल्वी या बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये राहत असे आणि तो भाग वाचू पाहणाऱ्यास मूळ, निर्दोष प्रत दाखवत असे.

मराठी वाचकांना नावामुळे जवळचा वाटणारा ‘जोशी’ हा विषाणू १९९० मध्ये भारतात आढळला. तो फ्लॉपीचा बूट सेक्टर आणि हार्ड डिस्कचा विभाजन तक्ता यांत शिरत असे. दरवर्षी ५ जानेवारीला तो संगणक थांबवून जोशी यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा इंग्रजीत टंकित करण्यास सांगे. त्या टंकित केल्यावर काम पुढे चालू होई. या गमतीदार वर्तनाआड एक तांत्रिक चलाखी होती. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबून संगणक पुन्हा सुरू केला तरी जोशी स्मृतीत टिकून राहत असे. त्यामुळे संगणकाचा वीजपुरवठा पूर्ण बंद करावा, लेखन-संरक्षित आणि निर्दोष डॉस फ्लॉपीवरून तो सुरू करावा आणि मगच विषाणू काढावा, असा उपाय रूढ झाला. आजच्या रेस्क्यू डिस्कची मूळ कल्पना हीच आहे.

पुढे अँटिव्हायरस कंपन्यांनी अशा फ्लॉपी आणि नंतर सीडी ग्राहकांना देण्यास सुरुवात केली. डिस्कवरून थेट चालणाऱ्या लिनक्स प्रणाली प्रचारात आल्यावर संपूर्ण चित्रमय संवादपटल असलेली साधने तयार झाली. सीडी ड्राइव्ह नसलेले लॅपटॉप वाढल्यावर पेनड्राइव्ह हे मुख्य माध्यम बनले. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये असेच साधन प्रसिद्ध केले. ते पुढे विंडोज डिफेंडर ऑफलाइन या नावाने ओळखले जाऊ लागले आणि २०१६ मधील अद्ययावतीकरणापासून विंडोज १० मध्येच समाविष्ट झाले.

महाराष्ट्रातील साधने व संस्था

भारतीय अँटिव्हायरस उद्योगात महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. पुण्यातील क्विक हील ही कंपनी कैलास काटकर आणि संजय काटकर या बंधूंनी उभारली. कैलास काटकर यांचा मूळ व्यवसाय कॅल्क्युलेटर व तत्सम यंत्रांच्या दुरुस्तीचा होता. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतील विषाणू काढण्यासाठी संजय यांनी लिहिलेल्या कार्यक्रमांतून १९९० च्या दशकात या उत्पादनाचा जन्म झाला. २००७ मध्ये कंपनीने क्विक हील टेक्नॉलॉजीज हे नाव धारण केले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली. तिच्या अँटिव्हायरसमध्ये ‘इमर्जन्सी डिस्क’ तयार करण्याची सोय आहे. विंडोज चालू असताना साफ करता न येणारे, फायलींमध्ये मिसळून जाणारे विषाणू काढणे हा तिचा उद्देश आहे. मुंबईतील मायक्रोवर्ल्ड कंपनीच्या ईस्कॅन या अँटिव्हायरसमध्येही रेस्क्यू डिस्कची सोय आहे.

केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. या केंद्राच्या संकेतस्थळावरून क्विक हील, ईस्कॅन इत्यादी कंपन्यांची मोफत सफाई साधने, तसेच सी-डॅकने विकसित केलेले ‘यूएसबी प्रतिरोध’ हे पेनड्राइव्हच्या वापरावर नियंत्रण ठेवणारे साधन उपलब्ध करून देण्यात आले. ही साधने विंडोज चालू असताना वापरावयाची आहेत. त्यामुळे ती रेस्क्यू डिस्कला पूरक ठरतात, पर्याय नव्हेत.

प्रमुख साधने

कॅस्परस्की रेस्क्यू डिस्क हे लिनक्सवर आधारित मोफत साधन आहे. त्यात विंडोजची रजिस्ट्री पाहण्याची व दुरुस्त करण्याची सोय आहे. राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन अमेरिकेने २०२४ मध्ये या रशियन कंपनीच्या उत्पादनांच्या विक्रीवर बंदी घातली.

डॉक्टर वेब लाइव्हडिस्क हेही लिनक्सवर आधारित साधन आहे.

मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन विंडोज १० व ११ मध्ये अंतर्भूत असून त्यासाठी पेनड्राइव्ह लागत नाही. विंडोज सिक्युरिटीमधून आज्ञा दिल्यावर संगणक पुन्हा सुरू होतो आणि मुख्य विंडोजऐवजी दुरुस्तीसाठी राखलेल्या छोट्या प्रणालीतून तपासणी होते. ही राखीव प्रणाली त्याच हार्ड डिस्कवर असल्याने तिला पूर्णपणे बाह्य म्हणता येत नाही.

क्लॅमएव्ही हा मुक्तस्रोत अँटिव्हायरस पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या कोणत्याही लिनक्स प्रणालीतून वापरता येतो.

अनेक कंपन्यांनी आपल्या रेस्क्यू डिस्क कालांतराने बंद केल्या आहेत. संकेतस्थळांवर त्यांच्या जुन्या प्रती मिळतात, परंतु विषाणूंची यादी जुनी असल्याने त्यांचा उपयोग मर्यादित असतो.

पेनड्राइव्हची निर्मिती

रेस्क्यू डिस्क बाधित संगणकावर तयार करणे धोक्याचे असते, कारण तयार होतानाच तिच्यात मालवेअर शिरू शकते. त्यामुळे ती दुसऱ्या, निर्दोष संगणकावर तयार केली जाते. निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ प्रकारची फाईल घेतात. निर्मात्याने एसएचए-२५६ अंक प्रसिद्ध केला असल्यास तो फाईलशी ताडून पाहतात. अंक जुळला नाही तर फाईल अपुरी उतरली आहे किंवा बदलली गेली आहे, असे समजले जाते.

आयएसओ फाईल पेनड्राइव्हवर केवळ कॉपी करून चालत नाही. रूफस किंवा बलेना एचर यांसारख्या साधनाने ती बूट होईल अशा रीतीने लिहावी लागते. या प्रक्रियेत पेनड्राइव्हवरील आधीचा सर्व मजकूर पुसला जातो. व्हेंटॉय या साधनाने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर मात्र अनेक आयएसओ फाईली ठेवून, सुरू करताना त्यांतील एक निवडता येते.

सामान्य पेनड्राइव्ह लेखन-संरक्षित नसतो. बाधित विंडोज चालू असताना तो जोडल्यास त्याच्यावरही मालवेअर लिहिले जाऊ शकते. म्हणून संगणक बंद असतानाच तो जोडतात. काही पेनड्राइव्हना लेखन रोखणारे छोटे बटण असते. असा पेनड्राइव्ह या कामास अधिक योग्य ठरतो.

वापराची पद्धत

प्रथम संगणक पूर्णपणे बंद करावा लागतो. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ सुविधेमुळे नेहमीच्या शटडाउनने विंडोज पूर्ण बंद होत नाही. अशा स्थितीत लिनक्सवर आधारित साधनाला हार्ड डिस्क केवळ वाचता येते, त्यात बदल करता येत नाही. शिफ्ट ही कळ दाबून धरून शटडाउन केल्यास ही अडचण टळते.

त्यानंतर पेनड्राइव्ह जोडून संगणक सुरू करतात आणि लगेच बूट मेनूची कळ दाबतात. ही कळ कंपनीगणिक वेगळी असते. एफ-१२, एफ-९ व एस्केप या कळा सामान्यतः आढळतात. यूईएफआयमधील ‘सिक्युअर बूट’ सुविधा अनधिकृत बूट लोडर रोखत असल्याने काही साधनांसाठी ती तात्पुरती बंद करावी लागते. काम संपल्यावर ती पुन्हा चालू करणे आवश्यक असते.

हार्ड डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध असल्यास बाहेरून तिच्यातील काहीही वाचता येत नाही. ती उघडण्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की लागते. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये कूटबद्धता आपोआप चालू असते आणि ही की मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. सिक्युअर बूटमध्ये बदल केल्यावरही विंडोज ही की मागू शकते. म्हणून ती आधीच लिहून ठेवणे हिताचे असते.

साधन सुरू झाल्यावर विषाणूंची यादी अद्ययावत केली जाते. त्यासाठी नेटवर्कची केबल सोयीची पडते, कारण सर्वच वायफाय यंत्रणा अशा साधनांना ओळखता येत नाहीत. सफाईपूर्वी महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत बाहेरील डिस्कवर घेतली जाते. पहिल्या फेरीत काहीही न पुसता केवळ अहवाल पाहणे श्रेयस्कर मानले जाते. विंडोजचीच एखादी बाधित फाईल पुसली गेली, तर संगणक सुरूच न होण्याची शक्यता असते. म्हणून शक्य तेथे फाईल ‘दुरुस्त’ करणे आणि अन्यथा ती ‘विलगीकरणात’ ठेवणे हे थेट पुसण्यापेक्षा सुरक्षित असते.

सफाईनंतर बँक, ई-मेल इत्यादींचे पासवर्ड बदलणे आवश्यक असते. मालवेअर काढल्याने त्याने आधीच बाहेर पाठवलेली माहिती परत येत नाही.

मर्यादा

रेस्क्यू डिस्क मुख्यतः ज्ञात मालवेअर ओळखते. अगदी नवे मालवेअर तिच्या यादीत नसेल, तर ते सुटू शकते. त्यामुळे ‘काही आढळले नाही’ हा निष्कर्ष ‘संगणक निर्दोष आहे’ याचा पुरावा ठरत नाही. केवळ स्मृतीत राहणारे मालवेअर संगणक बंद होताच नाहीसे होते, त्यामुळे तेही या तपासणीत सापडत नाही.

रॅन्समवेअरने कूटबद्ध केलेल्या फायली रेस्क्यू डिस्कने उघडता येत नाहीत. ती रॅन्समवेअर काढू शकते, परंतु फायली परत मिळण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे आधी घेतलेली आणि संगणकापासून अलग ठेवलेली प्रत. मदरबोर्डच्या चिपमध्ये शिरणारे मालवेअरही तिच्या आवाक्याबाहेर असते. २०१८ मध्ये उजेडात आलेले लोजॅक्स हे याचे उदाहरण असून ते हार्ड डिस्क बदलल्यानंतरही टिकून राहत असे.

तपासणीचे साधन विश्वासार्ह मार्गाने मिळवणेही तितकेच महत्त्वाचे आहे. ईस्कॅनची अद्यतने असुरक्षित जोडणीवरून येत असल्याचा फायदा घेऊन ‘गुप्तीमायनर’ हे मालवेअर पसरवण्यात आल्याचे अवास्ट कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. ही त्रुटी त्यापूर्वीच, २०२३ मध्ये, दूर करण्यात आली होती.

महाराष्ट्रातील घटना

मे २०१६ मध्ये मंत्रालयातील सुमारे १५० संगणक लॉकी या रॅन्समवेअरने बाधित झाल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. लॉकी ई-मेलसोबत आलेल्या जोडपत्रातून पसरत असे.

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या नॉटपेत्या या मालवेअरचा फटका मर्स्क या जहाज कंपनीला बसला. त्यामुळे रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या कंटेनर टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. नॉटपेत्या मास्टर बूट रेकॉर्ड बदलत असे आणि काही वेळाने संगणक पुन्हा सुरू करत असे. त्यानंतर पडद्यावर डिस्क दुरुस्ती चालू असल्याचा खोटा संदेश दिसे आणि त्याआड फायलींची मुख्य सूची कूटबद्ध केली जाई. काही प्रकारच्या फायली त्याआधीच, विंडोज चालू असताना, कूटबद्ध झालेल्या असत. तरीही तो संदेश दिसताच वीजपुरवठा तोडावा आणि उरलेल्या फायली बाह्य डिस्कवरून संगणक सुरू करून वाचवाव्यात, असा सल्ला त्या वेळी तज्ज्ञांनी दिला. बाधित प्रणाली पुन्हा सुरू न होऊ देणे किती मोलाचे असते, हे या घटनेतून स्पष्ट झाले.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील लागोपाठची शहरे आहेत. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून १९४९ मध्ये उल्हासनगर आकारास आले. कपडे शिवण्याचे कारखाने, फर्निचर आणि लहान व्यापार यांसाठी ते ओळखले जाते. अंबरनाथ व बदलापूर येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती असून त्यांत रासायनिक व अभियांत्रिकी उद्योग आहेत. अशा नगरांतील संगणक वापराची रीत पाहिली की रेस्क्यू डिस्कची उपयुक्तता आणि मर्यादा दोन्ही लक्षात येतात.

लहान दुकानात किंवा कारखान्यात वस्तू व सेवा कराचे हिशेब, ग्राहकांची येणी आणि कामगारांच्या नोंदी बहुधा एकाच संगणकावर असतात. तो बिघडल्यावर दुरुस्तीच्या दुकानात ‘फॉरमॅट मारणे’ हा सर्वांत सोपा उपाय समजला जातो. फॉरमॅट केल्याने विंडोज नव्याने बसते, परंतु प्रत घेतलेली नसल्यास वर्षानुवर्षांच्या नोंदी हातच्या जातात. रेस्क्यू डिस्कवरून संगणक सुरू केल्यास बाधित विंडोज न चालवता या नोंदी प्रथम बाहेर काढता येतात. सफाई करायची की फॉरमॅट, हा निर्णय त्यानंतर शांतपणे घेता येतो. फायलींत खोलवर मिसळलेला विषाणू असेल, तर नोंदी वाचवून मग फॉरमॅट करणे हाच निर्धोक मार्ग असतो.

झेरॉक्सच्या दुकानात एकाच संगणकाला दिवसभरात अनेकांचे पेनड्राइव्ह लागतात. मूळ फोल्डर लपवून त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दाखवणारा ‘शॉर्टकट व्हायरस’ याच वाटेने पसरतो. त्यात विद्यार्थ्यांचे प्रकल्प सहसा नष्ट होत नाहीत, केवळ लपवले जातात. त्यामुळे घाईने पेनड्राइव्ह फॉरमॅट केल्यास टाळता येण्याजोगे नुकसान होते. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांसाठी पेनड्राइव्हवरील कार्यक्रम आपोआप चालणे बंद करणारे अद्यतन दिले, परंतु वापरकर्त्याने स्वतः शॉर्टकट उघडल्यास हा विषाणू चालतोच.

कारखान्यातील यंत्राला जोडलेल्या संगणकाचा प्रश्न वेगळा असतो. यंत्र चालवणारी आज्ञावली अनेकदा जुन्या विंडोजवरच चालते. विंडोज एक्सपीला मिळणारी सुरक्षा अद्यतने ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. असा संगणक इंटरनेटपासून तोडलेला असला तरी त्यात पेनड्राइव्हने माहिती नेली-आणली जाते. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा वर्म याच मार्गाने अलग ठेवलेल्या औद्योगिक संगणकांत शिरला होता. त्याचा प्रादुर्भाव इराण व इंडोनेशियाखालोखाल भारतात झाल्याचे आढळले. रेस्क्यू डिस्कसाठी संगणकात काहीही स्थापित करावे लागत नसल्याने अशा संगणकांच्या नियतकालिक तपासणीसाठी ती सोयीची ठरते. मात्र ३२ बिट प्रोसेसर असलेल्या जुन्या संगणकांवर आजची अनेक साधने चालत नाहीत. तसेच यंत्राच्या आज्ञावलीलाच चुकून मालवेअर समजले जाऊ शकते. त्यामुळे तेथे संपूर्ण हार्ड डिस्कची प्रत घेतल्याशिवाय सफाई करणे योग्य नसते.

कायदेशीर बाजू

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना संगणकात विषाणू घालणे हे भरपाईस पात्र कृत्य आहे. ते अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या व सेवा पुरवठादारांनी मालवेअर हल्ल्यासारख्या घटनेची माहिती, ती लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. सफाई किंवा फॉरमॅट केल्याने हल्ल्याचा पुरावा नष्ट होऊ शकतो. म्हणून तक्रार करावयाची असल्यास आधी हार्ड डिस्कची जशीच्या तशी प्रत घेतली जाते किंवा मूळ डिस्क काढून बाजूला ठेवली जाते. आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

हेही पहा

संगणक विषाणू
रूटकिट
रॅन्समवेअर
युनिफाइड एक्स्टेन्सिबल फर्मवेअर इंटरफेस
सर्ट-इन
क्विक हील